काळा पडदा

युसूफ वडगाव,
१२ जानेवारी २०२६

चि. तेजूस अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. आई-बाबांचा काल कारखान्यावरून फोन आला होता. बाबांचा खोकला कमी आहे आणि ऊसतोडीची टोळी याच फडावर अजून पंधरा दिवस थांबेल म्हणाले. शेळी व्याली, दोन पाटी झाल्या. तुझ्या होस्टेलवर पाणी वेळेवर येतं ना?

राधाकिशनकाका उद्या संभाजीनगरला येतायत. त्यांच्याजवळ लॅपटॉप दिलाय. हे पत्र बॅगेत वरच ठेवलंय. आधी हे वाच, मग तो चालू कर.

लॅपटॉप दुरुस्त झालाय. तुझं सगळं परत आलं. तुझा अक्षरांचा खेळसुद्धा.

केजला अजिनाथच्या दुकानात नेला होता. त्याने दोन तास बसून काम केलं आणि म्हणाला, "ताई, हे काय आपोआप जात न्हाई. हातानं काढावं लागतंय. कुणी काढलं?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

तेजू, मी काढलं.

भाऊबीजेच्या दिवशी तू सगळ्यांना तो खेळ दाखवलास. पडद्यावर चुलीपुढची राख, राखेत बोटाने काढलेला 'अ', चुकलं की फुंकर. कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, तुला अक्षरं मीच तशी शिकवली होती. घरात शाळेत जाणारी पहिली मी, माझ्या हाताशी वही नव्हती म्हणून राख. तू त्याचं केवढं केलंस! सगळे बघत होते आणि आई म्हणाली, "मोहिनी शिकली खरी, पण डोकं तेजूला हाय. लई हुशार निघाली." तू हसलीस. वाईट मनाने नाही, मला कळतं. पण हसलीस.

संध्याकाळी तू आईबरोबर मावशीकडे गेलीस. मी टायपिंगच्या सरावाला बसले. लॅपटॉप चालू करताच, कोणती सिस्टीम सुरू करायची, ती यादी आली. वर तुझं लिनक्स, खाली माझं विंडोज. दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर आपोआप तुझंच सुरू होणार. रोज मी घाईघाईने खालचा बाण दाबायचे. त्या दिवशी तेही सहन झालं नाही. दोन वर्षं भरतीच्या परीक्षा देतेय, एकाही यादीत माझं नाव नाही, आणि इथेही मी खालीच?

विंडोजमध्ये जाऊन डिस्कचे भाग उघडले. तुझा कोणता, ते तूच दाखवलं होतंस, "अक्का, याला हात लावू नको" म्हणून. तो निवडून डिलीट दाबलं. नक्की का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

वाटलं होतं, आता माझं एकटीचं सरळ सुरू होईल. ती यादीच तुझ्या भागातून येत होती, हे मला माहीत नव्हतं. सकाळी तू बटण दाबलंस आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ. तू रडवेली झालीस. "अक्का, काल मी अपडेट टाकलं, त्यानंच गेलं असंल. माझंच चुकलं." आणि मी म्हणाले, "तरी सांगत होते, एका मशीनमध्ये दोन-दोन कशाला?"

पुसलं त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त टोचतं.

आता तू फोनवर म्हणतेस, सोमवारी मुलाखतीला जाणार नाही, जिला स्वतःच्या लॅपटॉपवर दोन सिस्टीम नीट टाकता येत नाहीत तिला कोण काम देईल? तेजू, तू नीटच टाकल्या होत्यास. अडीच महिने तू माझी चूक स्वतःची समजून वागवलीस आणि मी रोज फोनवर "जेवलीस का" एवढंच विचारत राहिले.

आईला मी रविवारी सांगणार आहे. तू माझ्या बाजूने बोलू नकोस.

अजिनाथने शेवटी विचारलं, "यादीत वर कोणतं ठेवू?" खरं लिहिते, तेव्हाही 'माझं' हेच आधी ओठांवर आलं होतं. लॅपटॉप दुरुस्त झाला, माझं हे अजून झालेलं नाही. मग म्हणाले, "तेजूनं ठेवलं होतं तसं."

सोमवारी जा. तो खेळ दाखव. राख कुठून आली असं कुणी विचारलं, तर काय सांगायचं ते तूच ठरव.

वर सवयीने आशीर्वाद लिहून बसले. खोडावासा वाटला, पण तुला पाठवायच्या कागदावर आता काहीच पुसायचं नाही. तो घ्यायचा की नाही, तू बघ.

मोहिनी