फेट्यातला तोच फोटो

प्रिय सुहास,

अठरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज बसले ते प्रकाश भावजींमुळे. प्रकाश म्हणजे माझा धाकटा दीर, तू त्यांना कधी बघितलं नाहीस. काल त्यांचा फोन आला, "वैनी, सईचा फेट्यातला एक झकास फोटो पाठवा की. डिझाइन तयार हाय, निस्तं तोंड बसवायचं राह्यलंय." पाठोपाठ मोबाइलवर फलक आला. वर मोठ्या अक्षरांत 'गावची शान', खाली शुभेच्छुकांचे बारा चेहरे आणि मधोमध एक रिकामा गोल. तो गोल बघितला आणि मी मोबाइल पालथा घातला.

सई माझी मुलगी, तुझी भाची. दहा वर्षांची आहे. आमच्या द्राक्षबागेतून एक चक्कर मारते आणि किती लिटर औषध लागेल ते बापाला तोंडी सांगते. शाळेत अचाट हुशार मुलांसाठी एक परीक्षा झाली, त्यात तिचं नाव आलंय. आता फॉर्म भरला तर पुढची निवड, आणि ती झाली तर पुण्याला वसतिगृहात राहून शिकायचं. उद्या शेवटचा दिवस. फॉर्म कोरा आहे आणि इथे फलक तयार! आपली माणसं काही बदलली नाहीत रे.

तुझ्याही वेळी असंच झालं होतं. तू अकरा वर्षांचा, मी पंधराची. पारावर बसलेले रिटायर फौजी आपापली भरतीची तारीख सांगायचे आणि तू डोळे मिटून वार सांगायचास. आण्णांची भरती मंगळवारची निघाली तेव्हा बाप म्हणून त्यांची छाती केवढी फुगली होती! त्या वर्षी तुझी पुण्याला निवड झाली आणि आपलं अख्खं उंब्रज येडं झालं. हलगी, गुलाल, फेटा. फेटा तुझ्या डोळ्यांवर घसरत होता आणि तू तो वर ढकलून हसत होतास. तोच फोटो स्टँडसमोरच्या फलकावर लागला. 'उंब्रजचा हिरा'. कोपऱ्यात युनिफॉर्ममधले आण्णा.

त्याच फलकाखाली आपण तुझ्या एसटीची वाट बघत होतो. तू माझी ओढणी ओढून हळूच विचारलंस, "आक्का, न्हाई जमलं तर?"

मी खो खो हसले. "तू आन न्हाई जमणार? येडा हायस का?"

कौतुकच केलं होतं रे मी. पण तुला उत्तर हवं होतं, कौतुक नव्हे. एवढा साधा फरक मला कळायला पोटची पोर व्हावी लागली.

वसतिगृहातून रविवारी दहा मिनिटं फोन करायला मिळायचा. पहिले दोन महिने तू दर रविवारी पोट दुखतंय म्हणून रडायचास. मी आण्णांना विचारायची, आणायचं का त्याला? आण्णा म्हणायचे, "आगं, ट्रेनिंगमदी समदीच प्वाट धरून बसत्यात. घरची वढ आसती ती. आमीबी केलीत की सोंगं! सुबेदाराचं पोरगं हाय, सोसंल." त्यांचं तरी काय चुकलं म्हणू? सोंग घेऊन, मग निमूट राहून, वीस वर्षं नोकरी केलेला माणूस. पोटदुखीला त्यांच्याकडे एकच अर्थ होता.

मग तो रविवार. आई रानात, आण्णा देवळात, फोन मी उचलला. "आक्का, प्वाट लय दुकतंय गं. खरंच दुकतंय. मला न्यायला ये." मला उशीर होत होता, मैत्रीण दारात उभी होती. मी म्हणाले, "सुहास, सोंगं बास झाली. स्टँडवर तुजा फलक अजून तसाच हाय. माघारी आलास तर लोकं काय म्हणतील?"

तू म्हणालास, "मग त्यो काढून टाक की."

मी हसून फोन ठेवला.

तिथे तू कुणालाच काही सांगितलं नाहीस, हे नंतर कळलं. का सांगशील? सख्ख्या बहिणीने सोंग म्हटल्यावर परक्याला कोण सांगतं? मंगळवारी दवाखान्यातून फोन आला तेव्हा अपेंडिक्स पोटात फुटून दोन दिवस झाले होते. आण्णा पोचले तोवर तू ओळख देत नव्हतास. मंगळवारच होता रे तो! तू असतास तर तूच आधी सांगितलं असतंस.

यापुढचं मी आजवर कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुझी राख सावडून नदीवरून सगळे परत येत होते. वाटेत स्टँडसमोर नवा फलक लागला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. जागा तीच, लोखंडी सांगाडा तोच, खालचे चेहरे तेच, फक्त 'शुभेच्छुक'च्या जागी 'शोकाकुल' लिहिलेलं. आणि मधे फेट्यातला, हसणारा तू. दुसरा फोटोच नव्हता त्यांच्याकडे! आईने तो बघितला आणि रस्त्यातच खाली बसली. त्यानंतर ती स्टँडच्या वाटेने कधी गेली नाही, शेवटच्या आजारातसुद्धा गाडी मागच्या रस्त्याने न्यायला लावली.

तू म्हणाला होतास ना, काढून टाक म्हणून? तो काढायला तुला मरावं लागलं.

मागच्या आठवड्यात उंब्रजला जाऊन आले. आण्णा आता फार थकलेत. फॉर्म त्यांच्यापुढे धरला. चष्मा लावला, बराच वेळ वाचल्यासारखं केलं आणि परत दिला. "मला इचारू नगंस. पोरीला इचार. मी एकाला इचारलं न्हवतं." एवढंच बोलून गोठ्याकडे गेले. मी त्यांच्यावर इतकी वर्षं मनातून दात धरून होते. त्या दिवशी तो राग कुठे ठेवायचा तेच कळेना.

खरं सांगू? फॉर्म फाडून टाकायचा असंच मी ठरवलं होतं. पण इथे तरी ती कुठे सुखात आहे? वर्गात दहा मिनिटांत गणितं संपवते आणि मग बसून भुवयांचे केस उपटते. डाव्या भुवईला चक्क टक्कल पडलंय. पोर घरी ठेवली तर ती माझ्या भीतीपायी ठेवली असं होईल. तुझ्या मरणाचा भार तिच्या डोक्यावर का द्यायचा?

म्हणून आज दुपारी शाळेतून आल्यावर तिला विचारलं. भाकरी खाताखाता म्हणाली, "जायचंय." मग घास तोंडाशी थांबला. "पण आई, न्हाई जमलं तर?"

सुहास, तेच शब्द! मी हसले नाही. म्हणाले, "तर परत यायचं."

"आन लोकं?"

"लोकांला मी बघते."

मग भावजींना फोन लावला. फलक होणार नाही, सत्कार नाही, फेटा तर मुळीच नाही, असं सांगितलं. "आवं वैनी, आनंदाची गोष्ट हाय की!" म्हणून रुसलेत. रुसू देत. फॉर्म भरून समोर ठेवलाय, फक्त पालकाची सही राहिलीय. तुला लिहून झालं की करते.

तुला एक वचन देते. माझी लेक पोट दुखतंय म्हणाली की खरं का खोटं हे मी विचारणार नाही. सोंग असलं तरी जाईन. दहा वेळा सोंग असलं तर दहा वेळा जाईन. मिळेल त्या गाडीने, अंगावरच्या कपड्यांनिशी.

त्या रविवारी न आलेली,
तुझी आक्का