साताऱ्याचं पाणी किती अंशांवर उकळतं

सातारा, मंगळ. ८ जाने. १९४६
मॅट्रिकच्या वर्गाचं प्रात्यक्षिक. मुंबईहून आलेला नवा थर्मामीटर आज पहिल्यांदा वापरला. पाणी खळखळ उकळलं, पारा २०८ अंश फॅरनहाइटवर जाऊन बसला तो बसलाच. पुस्तकात २१२. म्हणजे हाही खोटा निघाला! आता शाळेतले तिन्ही खोटे. सवयीने म्हणालो, "चार मिळवा आणि लिहा."

म्हणताना सांगलीची शाळा आठवली. अप्पा मास्तरांचा काळा कोट, बाह्या खडूने पांढऱ्या. मधे कोळशाची शेगडी, वर पातेलं (स्पिरिटचा दिवा कुठला तेव्हा!), भोवती आम्ही एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून. पारा चढू लागला की अप्पांचा आवाज खाली यायचा, जसं काही पारा दचकेल. "बघा रे, चढला, चढला..." आणि मग खो खो हसून, "गधड्यांनो, आपला थर्मामीटर लबाड आहे. तीन मिळवा!" त्या हसण्यापायी मी मास्तर झालो. आता वर्गात तसं कोण हसतं? मी तर नाहीच.

गुरु. १०
वह्या तपासल्या. सगळ्यांचे २१२. एकट्या सखारामने २०८ लिहिलंय. मेढ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, इथे बोर्डिंगात राहतो. हुशार आहे, पण हट्टी.

"चार का नाही मिळवलेस?"

"सर, तिन्ही थर्मामीटर येकच खोटं कसं बोलत्यात? तिघं खोटं बोलाय लागले तर तीन तऱ्हा हुत्यात की."

पोरं हसली. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू पार गेलं होतं. सौ. म्हणाली, "चहा निवला तरी बशीतच बघताय. काय पडलंय त्यात?" सांगितलं नाही.

शुक्र. ११
आज हवेचा दाब. दरवर्षीचं वाक्य फळ्यावर लिहिलं: उंच पर्वतावर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी कमी उष्णतामानावर उकळते. उदाहरण पुस्तकातलंच, आल्प्सचं. सखाराम उभा राहिला.

"सर, मग आपलं सातारं तरी कुठं समुद्राकाठी हाय?"

खडू हातात तसाच. समोर खिडकीत अजिंक्यतारा. अरे देवा! किती वर्षं हा धडा शिकवतोय, आणि डोंगर म्हटलं की आल्प्स! सांगलीत तीन मिळवायचो, इथे आल्यापासून चार. मी समजत होतो, साताऱ्याचे थर्मामीटर सांगलीच्यापेक्षा जास्त लबाड! सातारा सांगलीहून उंचावर आहे म्हणून, हे डोक्यातच आलं नाही. शरमेने कान तापले, आणि आनंद इतका झाला की भर वर्गात मोठ्याने हसलो. पोरांना वाटलं, सर कामातून गेले.

दुपारी हेडमास्तरांना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असेल हो तुमचं बरोबर. पण पेपर तपासणारा साताऱ्यात बसत नाही. पोरांना २१२ सांगा. सखारामला नादारी मिळते, फी माफ होते, ती मार्कांवर, कॉलेजातही तसंच. तुमच्या हौसेपायी त्याचं नुकसान करू नका."

हेही खोटं नाही. मग पोराला सांगू काय? मार्चात परीक्षा. सोमवारी संक्रांत आहे, अप्पांना तिळगूळ देऊन विचारूनच येतो.

सांगली, सोम. १४
मिरजेला गाडी बदलून आलो. तोच रस्ता, तीच चिंच. शाळेवरून मुद्दाम गेलो, आमच्या खिडकीचे गज कुणीतरी रंगवलेत. उगीच वाईट वाटलं.

अप्पा फार थकले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, पावसाळा होऊ द्या, मग ऑपरेशनचं बघू. माझ्या आवाजावरून ओळखलं. सगळं सांगितलं. वाटलं, कशाला आलो मी? उतारवयात या माणसाला हे ऐकवायची काय गरज होती?

मग म्हणाले, "शेगडी पेटव."

तो जुना थर्मामीटर त्यांनी चाचपत कपाटातून काढला. पाणी उकळलं.

"किती?"

"दोनशे नऊ, अप्पा."

"तू म्हणतोस म्हणून मानू? जन्मभर पुस्तक म्हणतं म्हणून मानलं. आता तू म्हणतोस म्हणून. मग फरक काय पडला रे?" जरा थांबून, "आणि तुला तर मीच शिकवलंय. तुझा काडीचा भरवसा नाही!" आणि खो खो हसले. अगदी तेच हसणं. मला रडू आलं, त्यांना दिसत नव्हतं म्हणून पुसलंही नाही.

"पण अप्पा, त्या पोराने परीक्षेत काय लिहावं?"

"मला दिसायला लागू दे, बघतो, मग सांगतो."

"परीक्षा मार्चात आहे."

"मग मला काय विचारतोस? मास्तर तू आहेस."

सातारा, बुध. १६
शाळा सुटल्यावर सखारामला थांबवून घेतलं. अप्पांचं सांगितलं. म्हणालो, "तू पाहिलंस तेच खरं. मी चुकत होतो." वाटलं, पोरगं खूश होईल.

"ते ठावं हाय सर. पर मार्क कशाला मिळत्यात?"

"२१२ ला."

पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग म्हणाला, "तर मग तुमीच सांगा. तुमी सांगशीला ते लिवतो."

या पोराने आजवर माझं एकही ऐकलं नव्हतं, म्हणून तर मला माझी चूक दिसली, आणि आता तेही मी म्हणतो म्हणून मानणार!

उद्या सांगतो म्हणालो.