देविकाच्या टीमची वेगळी चूल

रविवार, १२ ऑक्टोबर

काल बोललेलं विसरलंस ना, डायरीच्या पाना? मी विसरले की ‘वय झालं’ म्हणतात. तू तर परवाच माझ्या फोनात जन्मलंस! देविकाने, माझ्या नातीने, शिकवलंय — लाल टिकली दाबायची, बोलायचं, ते लिहिलं जातं. मी शाळेची पायरी चढले नाही. तेव्हा चुका तुझ्या.

आज पुन्हा समोरची टीम आली नाही. देविका इथे मँचेस्टरला कॉलेजात मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन. गोलात उभी राहते. त्यांची टीम कुठल्याच लीगमध्ये नाही — वेगळी चूल. बोलावलेले आले तर मॅच. मग दोन्हीकडच्या मुली मैदानाच्या कडेला बसून माझी थालीपीठं खातात, असा रिवाज मीच पाडलाय. सकाळपासून थापत होते. आणि मेसेज आला — लीगची मॅच लागली, सॉरी.

सतीश, माझा मुलगा, तिसरं थालीपीठ घेताना म्हणतो, “लीगवाल्यांचे आभार.”

मंगळवार, १४ ऑक्टोबर

लीगने विचारलंय — नाताळानंतर येता का? जेवताना देविका म्हणाली, “आजी, लीगमध्ये गेला तर मॅच कॅन्सल नाही होणार. पण रूल त्यांचा.”

आत्ता जी सरावाला येते, ती खेळते. लीगमध्ये हरलं की खालच्या गटात ढकलतात, म्हणजे चांगल्यांनाच उतरवावं लागणार. आणि केटी म्हणून एक नवी मुलगी आलीय, ती गोल फार छान अडवते. मला नातीचं कौतुक आहे, पण डोळेही आहेत. आमची बाई अडवते तेवढेच सोडते.

“मग तुझं काय गं?”

“बघू.”

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे मनातून घाबरलीय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

चैन नाही. चकल्या तुटताहेत. सून विचारते, “आई, मोहन जास्त झालं का?” मोहन बरोबर आहे सुचेता, माझंच चित्त थाऱ्यावर नाही.

आम्ही मोठ्या घरातून वेगळे निघालो तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. आमटीत मीठ किती, हे सांगायला कोणी नाही! मग दिवाळी आली. फराळाचं ताट पाठवायचं कोणाकडे? आमच्याकडेही कोणाचं आलं नाही. चकल्या संक्रांतीपर्यंत पुरल्या.

हे देविकाला सांगावं, तर ती लीगमध्ये जाईल आणि गोलातून बाहेर. नाही सांगितलं. उलट म्हटलं, “वेगळीच चूल बरी, राणी.”

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. पण घरात ओवाळण्यापेक्षा लीगच्या मतदानाचीच चर्चा. टीमची मतं निम्मी निम्मी पडली. उरलं कॅप्टनचं.

देविका आली, उभ्यानेच चकली खाल्ली. “आजी, जायचा ठरला.”

“तुझ्या मताने?”

“हो.”

“मी काय सांगितलं होतं?”

“सांगितला होतास. पण मॅच कॅन्सल झाला त्या दिवशी तू थालीपीठ परत डब्यात भरत होतीस ना, तेव्हा तुझा तोंड मी बघितला.”

या पोरीला मराठी येत नाही म्हणतात.

रविवार, २ नोव्हेंबर

लीगबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवलंय. तुझ्यापाशी बोलले ते धरायचं नाही.

बुधवार, २८ जानेवारी

लीगची पहिली मॅच. समोरच्या मुली बस भरून आल्या! गोलात केटी. देविका लांब कोट घालून बाकावर, माझ्या शेजारी. मी पदर खोचून उठलेच — “कोणी ठरवलं हे? दाखव मला.”

“बस ना आजी. टीम कॅप्टन निवडतो. मीच निवडला.”

बसले. खोचलेला पदर सोडला. मॅच संपल्यावर समोरच्या सगळ्या थांबल्या, डबा पुसून खाल्ला.

पुढची मॅच लीड्सला. माझा गुडघा जाणार नाही, डबा जाईल. पाना, हे विसरू नकोस, सुचेताला सांगायचंय — थालीपीठं नेहमीची, लोणी वेगळ्या डबीत. केटीला दोन जास्त. आणि एक खरपूस, भरपूर तिळाचं, बाकावरच्या मुलीसाठी. तिथे बसून फार गारठायला होतं.