तळमजल्यावरची रेंज

सोमवार, ता. ११

हिला दवाखान्यात दाखल केलं. पोटात गाठ आहे. शुक्रवारी ऑपरेशन. घाबरायचं काही कारण नाही, असं हिला पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी तिनंच मला पाणी दिलं.

तळमजल्यावर पाटी दिसली, 'मोफत वायफाय'. देव पावला! जावयांनी दिलेला टॅब पिशवीत होताच. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, कुणी शिकवलं नाही. उघडायचा, बघायचा, कळायचं. पोट तरी निराळं काय असणार? संकल्प: शुक्रवारपर्यंत गाठ या विषयाचा पाया पक्का करायचा. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट सांगितली तर आपण दोन सांगायच्या.

मंगळवार, ता. १२, सकाळ

वायफायची रीत अशी. मोबाइल नंबर टाकायचा, त्यावर ओटीपी येतो, तो टाकला की एक तास फुकट. एका नंबराला दिवसात एकच तास. वर तिसऱ्या मजल्यावर हिच्या खाटेपाशी वायफायचं नाव नाही. भिंती जाड. झकास रेंज जिन्याखाली, व्हीलचेअरी ठेवतात तिथे. हे मी हिंडून शोधलं. वॉचमनलासुद्धा माहीत नव्हतं.

गाठींचे प्रकार नुकते कुठे कळायला लागले आणि तास संपला. मग हिचा नंबर टाकला. ओटीपी हिच्या मोबाइलवर जाणार, म्हणून माझ्या बटणांच्या फोनवरून हिला फोन केला. हिने आकडे वाचले. चष्मा नव्हता, दोनदा चुकली. मग म्हणाली, अहो, वर कधी येताय? म्हटलं, हा आलोच.

मंगळवार, संध्याकाळ

मेहुणी, म्हणजे हिची धाकटी बहीण, दिवसभर उशाशी असते. जिभेला हाड नाही. म्हणाली, भाऊजी, पेशंट तिसऱ्या मजल्यावर आहे, जिन्याखाली नाही. वर आणखी, तुमचं म्हणजे तहान लागली की विहीर खणायची! विहीर खणणाऱ्याला नावं ठेवणारे पाणी मात्र पोटभर पितात. हात धरून बसल्याने का गाठ विरघळते?

बुधवार, ता. १३

वाचलेलं सगळं वाईट. साध्या गाठीपासून सुरुवात करा, तिसऱ्या पानावर माणूस मरतो. कुठूनही सुरुवात करा. म्हणून आज अभ्यासाला विश्रांती. जुन्या रेडिओंचे व्हिडिओ पाहिले. एकाने सोल्डरिंग फारच गचाळ केलंय. त्याला खाली सविस्तर लिहिलं. घरच्यांनी मन शांत ठेवणं हाही उपचारच.

दरम्यान डॉक्टरीणबाई राउंडला येऊन गेल्या. गाठ कसली ते काढल्यावरच कळेल म्हणाल्या. यजमान कुठायत, असंही विचारलं. ही म्हणाली, ते माझ्यासाठीच खाली अभ्यास करतायत. मेहुणी हसली म्हणे. ही हसली नाही, हे महत्त्वाचं.

संध्याकाळी म्हणाली, जीव घाबरतो हो, जरा जवळ बसा. बसलो. हात हातात घेतला. इतका हलका लागला, की एकदम आठवलं, टॅब चार्जिंगला लावायचाय. खाली गेलो.

गुरुवार, ता. १४

निश्चय. उद्या नऊला ऑपरेशन. टॅब पिशवीतून काढायचासुद्धा नाही. सातपासून उशाशी. हिला तसा शब्द दिला. म्हणाली, अहो, जमेल तेवढंच बोला. बायकांचा मुळी विश्वासच नसतो.

दुपारी ओटीपीसाठी फोन केला. आता चष्मा लावूनच बसते. एका दमात वाचते. आकडे वाचून झाले तरी मी फोन ठेवला नाही. मग म्हणाली, ठेवा आता, तुमचा तास सुरू झाला असेल.

शुक्रवार, ता. १५

सातला पोचलो. वर जाणारच होतो. पण भूल दिलेला माणूस नक्की जागा होतो ना, एवढं एकच पाहून घ्यावं म्हटलं. हिने विचारलं तर सांगता यावं. मध्येच पिशवीतला फोन वाजला. मेहुणीच असणार, टोमणे मारायला. उचलला नाही. पुन्हा वाजला. उत्तर सापडलं: बहुतेक सगळे जागे होतात. आता 'बहुतेक' हे हिला कसं सांगायचं? आणखी शोधू म्हटलं तर तास संपला. हिचा नंबर टाकला आणि हिला फोन लावला.

सिस्टरनी उचलला. म्हणाल्या, आजोबा, होतात कुठे? आधीचं ऑपरेशन रद्द झालं, म्हणून आजींना लवकर आत नेलं. दोनदा फोन केला त्यांनी तुम्हाला. बहीण गेलीय स्ट्रेचरबरोबर. जाताना आजी मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, ह्यांचा फोन येईल, तेवढे आकडे वाचून दाखवा. सावकाश वाचा हं, त्यांना लिहून घ्यावे लागतात.

सिस्टरनी सावकाश वाचले.

टाकले. पहिल्याच फटक्यात लागलं. रेंज पुरी. एक तास फुकट.

काय शोधायचं ते सुचेना.