वसतिगृहासमोरच्या पत्रावळी

आये, आज सकाळपासून धुकं उतरलंय आणि मुळशीचं पाणी दिसेनासं झालंय. अशा धुक्यात तू चालताना दिसतेस म्हटलं तर मलाच झापशील. "येड्या, मेलेलं माणूस थंडीचं कशाला फिरंल?" बरं, नसशील फिरत. तरी लिहितो.

पुण्यात पूर येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी कॉलेजात गेलो. आपल्या ठाकरवाडीतून गेलेला पहिलाच. पोरं वाईट नव्हती गं. "तुमच्याकडं उंदीर खातात म्हणे?" असं विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं, आणि तेच जास्त लागायचं. वसतिगृहात जेवताना माझ्या शेजारचा पाट रिकामा राहायचा. हळूहळू मी बोलणंच सोडलं. वर्गात बसलोय, मास्तरांचे ओठ हलतायत, आवाज मात्र पाण्याखालून आल्यासारखा. संध्याकाळी पुलावर जाऊन उभा राहायचो. आता लपवून काय करू? जीव द्यायचं ठरवलं होतं. आज नको, उद्या, असं चाललं होतं. त्यातच तुला कार्ड टाकलं, "मी सुखरूप आहे, काळजी नसावी."

पुढचं मला माले गावच्या गुरुजींनी सांगितलं. तू ते कार्ड तीनदा वाचायला लावलंस.

"काळ्या शेळीचं काय इचारलंय का?"

"नाही."

"त्याच्या बाच्या खोकल्याचं?"

"नाही गं. पण सुखरूप आहे, असं लिहिलंय."

"लिवू द्या की. माजं पोरगं बरं न्हाई."

आणि पळसाच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन तू पौडापर्यंत चालत आलीस, तिथून एसटीनं पुण्याला.

मी फाटकातून बाहेर पडतो तर समोर चिंचेखाली तू बसलेली. पत्रावळी लावतेयस, जशी काही आपल्या अंगणातच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरं खिडकीतून बघत होती. "कशाला आलीस? जा ना घरी!" मी खेकसलो. तू वरसुद्धा बघितलं नाहीस. पानं माझ्यापुढं सरकवलीस. "बस. काड्या दे." आपल्या वाडीत कुणाचं मन खचलं, कुणाचं माणूस गेलं, की काय झालं म्हणून विचारत नाहीत. त्याच्या हातात काम देतात आणि शेजारी बसतात. मी दोन दिवस पानं टाचायला नुसत्या काड्या दिल्या. चिंचेचा पाला अंगावर पडत होता, दिवस कधी कलायचा कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी हात चालता चालता तोंड उघडलं, आणि मी सगळं सांगितलं, पुलासकट. तुझा हात थांबला नाही. पण डोळे गळत होते, पानावर टपटप आवाज येत होता.

"घरी येतूस?" तू विचारलंस.

"न्हाई," मी म्हणालो. किती दिवसांनी आपल्या बोलीत बोललो होतो!

चौथ्या दिवशी कोकणातला एक पोरगा येऊन शेजारी टेकला. त्यालाही तू पानंच दिलीस. तू वाडीला परतल्यावर जेवताना तो माझ्या शेजारी बसायला लागला. तू रात्री कुठं निजत होतीस, हे मात्र मी विचारलंच नाही. नंतर कळलं, स्वयंपाकीणबाईंच्या ओट्यावर.

मग मी शिकलो, कॉलेजात शिकवायला लागलो, पोरांना मोठमोठी भाषणं दिली. आणि बा गेल्यावर तू गप्प झालीस. वाडीवरून निरोप आला, म्हातारी बोलत नाही, जेवत नाही. मी पुण्याहून गोळ्या पाठवल्या. पेपर तपासायचेत, सुटीत येतो, असं कळवलं. सुटी लागायच्या आधीच तू गेलीस.

आये, तपासायचे पेपर सगळे मिळून दोनच गठ्ठे होते. मला तुझ्या त्या गप्प बसण्याचं भ्या वाटलं हुतं.