एकोणतीसच बरोबर

५ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६.१०

माधवी भाऊबीजेला माहेरी गेली ती अजून आली नाही. तीन तारखेला गेली, आज पाच. घाबरण्यासारखं काही नाही. जाताना मोठी बॅग नेली, माळ्यावरची गोधडीही काढून नेली. पण इंदापूरकडं शेतात थंडी असते, गोधडी लागते.

ही वही आजपासून. नोंद राहिलेली बरी. लोक नंतर काहीही म्हणतात.

तर नोंद. ऑक्टोबरात सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन इथं बारामतीत झालं. डिस्चार्ज सकाळी अकरा वाजता. माधवी घरी पथ्याचा स्वयंपाक करत होती, त्यांना आणायचं काम माझ्याकडं. वाटेत विशालच्या सायकलच्या दुकानात दोन मिनिटं थांबलो. तिथं आमच्या डेअरी प्लांटमधला बॉयलरवाला भीमा हवा भरत होता. तो म्हणाला, सोपानराव, माउंटन बाइकला एकोणतीस इंची चाक म्हणजे नुसतं मार्केटिंग, सव्वीस काय वाईट होतं?

मी ऑगस्टमध्येच एकोणतिशी घेतलेली. हे ऐकून कोण गप्प बसेल?

हॉस्पिटलला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. एका डोळ्याला पट्टी, मांडीवर औषधाची पिशवी. पिशवी माझ्या हातात देऊन त्या उठल्या. माधवीनं त्या दिवशीपासून भाजीत मीठ कमी आहे का, याशिवाय काही विचारलेलं नाही.

९ नोव्हेंबर, दुपार

माधवीचा फोन. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो: "आईसमोर या आणि 'माझं चुकलं' एवढं म्हणा. दोन शब्द. मी त्याच पावली निघते."

मला म्हणायला काही हरकत नाही. मी हट्टी माणूस नाही. पण शांतपणे विचार केला. माझं चुकलं म्हणजे तीन तास वाया घालवले. तीन तास वाया घालवले म्हणजे तो वाद फुकटचा. वाद फुकटचा म्हणजे एकोणतीस इंची चाक हे मार्केटिंगच. आता हे खोटं मी सासूबाईंसमोर कसं बोलू? वडीलधारं माणूस आहे.

उलट, एकोणतीस बरोबर हे एकदा सिद्ध झालं की ते तीन तास सत्कारणी लागले. मग चुकलं कुणाचं, हा प्रश्नच उरत नाही. माधवी हुशार आहे, तिला पटेल.

संकल्प: पंधरा दिवसांत सिद्ध करणे.

१० नोव्हेंबर, रविवार

प्रयोग पहिला. एमआयडीसीतल्या पाण्याच्या टाकीचा चढ. आधी जुनी सव्वीस, मग घरी येऊन एकोणतीस. मोबाइलवर वेळ लावली.

सव्वीस: चार मिनिटं दहा सेकंद. एकोणतीस: चार मिनिटं बावन्न.

कारणं: (१) वारा फिरला. (२) मध्ये मिसळ खाल्ली. (३) मोठं चाक वेग घ्यायला वेळ घेतं, हे सगळे मान्य करतात. चढ आणखी लांब असता तर निकाल वेगळा लागला असता.

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रयोग दुसरा. मोरगावच्या माळावर, खडबडीत रस्त्यावर. तिथंच तर एकोणतिशीची खरी परीक्षा. सव्वीसचं चाक खड्ड्यात उतरतं, एकोणतीसचं वरून जातं. खरोखर वरूनच गेलं. दहा मिनिटं मी राजासारखा गेलो.

मग सराट्याचे काटे. पुढं सात, मागं अकरा. शेळ्या राखणाऱ्या म्हाळसाबाई तिथं होत्या, त्यांनीच मोजून दिले. चाक मोठं म्हंजी काटं बी जादा, असं त्यांचं मत पडलं. अशिक्षित बाई. बाजरीच्या टेंपोत पोत्यांवर बसून परत आलो.

निष्कर्ष: प्रयोग अपूर्ण.

२५ नोव्हेंबर

दोन्ही वेळचं कॅन्टीनमध्ये जेवतो. घरी एकदा आमटी केली. आमटी झाली नाही, पातेलं गेलं.

स्वप्नालीचा पुण्याहून मेसेज. बाबा, सॉरी म्हणून टाका ना. मुलीला मुद्दाच कळलेला नाही. आणि म्हणे इंजिनिअरिंगला आहे.

१ डिसेंबर, सकाळी ९.००

आज मार्ग सापडला.

माधवीला फोन लावला तर तिच्या वडिलांनी, रावजी आबांनी उचलला. वय एकाहत्तर. पेरूची बाग, शेत कालव्याला लागून. मी त्यांना अर्धा तास चाकाचं शास्त्र समजावलं. ते व्हय व्हय करत राहिले. शेवटी म्हणाले, चाकाचं काय एवढं, माजी बाविशी हाय की, तीस वर्सं झाली, कुटं अडली न्हाय.

बाविशी!

पोरांची विशीची सायकल म्हणजे वीस इंची चाक. मग बाविशी म्हणजे बावीस. एकोणतीस वजा बावीस, सात. सात इंचांचा फरक! सव्वीस-एकोणतीसमध्ये नुसते तीन होते, म्हणून प्रयोग गोंधळले. सात इंचांत शंकेला जागाच नाही. आबांची सायकल मी गोठ्यात पाहिलीय. चाक तसं मोठं दिसतं, पण टायर बारीक असला की चाक मोठं भासतंच.

ठरलं. इंदापूरला जायचं, सगळ्यांदेखत कालव्याच्या रस्त्यानं आबांशी शर्यत लावायची, जिंकायचं, आणि माधवीला घेऊन यायचं. वयाचा मान म्हणून शंभर मीटरपेक्षा जास्त पुढं जाणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार

संकल्प: रोज पहाटे साडेचारला उठून वीस किलोमीटर.
उठलो: ७.४०.
अंतर: विशालच्या दुकानापर्यंत. भीमा तिथं होता. आज मी त्याच्याशी बोललो नाही. एवढा संयम मला आधी जमला असता तर, असा विचार मनात आला. तो लगेच काढून टाकला.

२८ डिसेंबर

गुडघा दुखतोय. सीट अर्ध्या इंचानं वर घेतली. आता दुसराही दुखतो.

३ जानेवारी २०२५

माधवीचा फोन. आवाज शांत होता, ते वाईट. संक्रांतीपर्यंत वाट बघते म्हणाली. नंतर पुण्याला स्वप्नालीच्या कॉलेजजवळ खोली घेणार, पोरींना डबे देणार, तिथंच राहणार. खोली बघून ठेवलीय.

मी विचारलं, कायमची? ती म्हणाली, ते तुम्ही ठरवायचं.

घर खायला उठतंय. सकाळी उठून चहा दोन कप टाकतो. तिची चप्पल दाराशी नाही, याची अजून सवय झालेली नाही. काल टायरमध्ये हवा किती ठेवावी यावर मोठ्यानं बोलत होतो. अर्ध्यात लक्षात आलं, समोर फ्रिज आहे. आज रडू आलं. कारण सांगता येत नाही, कांदाही चिरत नव्हतो.

मेसेज लिहिला: माझं चुकलं. पाठवणार होतो. पण लेखी दिलं की कायमचं होतं. पुसला.

आता दहा दिवस आहेत. एकोणतीसवरच सगळं आहे.

१३ जानेवारी, भोगी. संध्याकाळी ७.००

क्रमानं लिहितो. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर झाले, अक्षर वाकडं आलं तर ते त्यामुळं.

पहाटे पाचला निघालो. वालचंदनगरला चहा. शेतावर पोचायला साडेदहा. येतो असं काल कळवलं होतं, सगळे अंगणात होते. माधवी नेसून तयार. बॅग उंबऱ्याशी भरून ठेवलेली, वर गोधडीची घडी. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. हसलीच म्हणायची.

मग सासूबाई सायकलीभोवती एक चक्कर मारून आल्या. डोळा आता बरा दिसतो त्यांना. म्हणाल्या, "लेकीला न्यायला आलात आन् सायकलीला क्यारेज न्हाय. तिला बसवनार कुठं?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. नऊ आठवडे तयारी केली, पण हा आला नव्हता. मी म्हणालो, माउंटन बाइकला कॅरेज नसतं. त्या म्हणाल्या, व्हय का. माधवी म्हणाली, राहू दे आई, मी एसटीनं येईन, आधी यांना काय बोलायचंय ते बोलू दे. आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी म्हणालो, बोलतो, पण आधी आबांशी एक शर्यत.

ती जाऊन उंबऱ्यावर बसली, बॅगेशेजारी.

पाण्याच्या मोटारीच्या खोलीपासून कालव्याच्या पुलापर्यंत, एक किलोमीटर. आबा म्हणाले, चला, न्हाय तरी पुलाकडच्या गाईला घास टाकायचाच हाय. घासाचा भारा त्यांनी मागं कॅरेजवर बांधला. धोतर खोचलं. मी मनात म्हटलं, बावीस इंची चाक, एकाहत्तर वय, वर भारा. शंभर कसले, पन्नास मीटरच पुढं राहावं.

अर्ध्या वाटेवर आबा मला परत येताना भेटले. गाईला घास टाकून झाला होता. चैन पडली का, असं काळजीनं विचारलं. चेन नव्हती पडली.

अंगणात येऊन बसलो. माधवीनं पाणी आणलं. शेजारी बसली. हळूच म्हणाली, "जाऊ द्या ते चाक. म्हणा आता."

म्हणणारच होतो. देवाशप्पथ म्हणणार होतो. शब्द ओठांवर होते.

तेवढ्यात नजर भिंतीकडं गेली. माझी सायकल आणि आबांची बाविशी शेजारी शेजारी लावलेल्या. काहीतरी बरोबर दिसेना. सीटखालच्या पिशवीत टेप असतेच. उठलो. माझी रिम मापली, साडेचोवीस इंच. त्यावर जाड टायर चढलं की एकोणतीस होतं, हे मला माहीत होतं. मग आबांची रिम मापली.

पंचवीस.

परत मापली. पंचवीस. बाविशीची रिम माझ्यापेक्षा अर्धा इंच मोठी! आबांना विचारलं, हिला बाविशी का म्हणता? ते म्हणाले, "बावीस म्हंजी सीटखालच्या दांडीचं माप, जावईबापू. चाक अट्टाविसाचं हाय. येवडं ठाव न्हाय?"

म्हणजे शर्यत मोठ्या चाकानंच जिंकली होती! मी हरलो म्हणूनच मी बरोबर होतो! बाहेरून टायरसकट मापलं तर माझंच मोठं भरतं, पण खरं माप रिमचं, टायर हा हवेचा खेळ. मी हे सगळ्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. आबांच्या हातात टेप दिली. सासूबाईंना ऑपरेशनच्या डोळ्यानं आकडा नीट दिसतो का विचारलं आणि टेप जवळ धरली. दिसतंय की, म्हणाल्या, पंचवीस. मी म्हणालो, मग बघा, त्या दिवशी दुकानात मी खरं तेच बोलत होतो. तीन तास खरं बोलत होतो.

सासूबाई उठून आत गेल्या. वळून पाहिलं तर उंबऱ्याशी बॅग नव्हती. माधवी आत गेली असेल, तिळगूळ आणायला, असं वाटलं. थोडा वेळ थांबलो. मग सासूबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, ती निजलीय, डोकं दुखतंय तिचं, तुमी उजेड हाय तवर निघा.

१४ जानेवारी, संक्रांत

माधवीला टेपचा फोटो पाठवला, दोन्ही रिमचा, खाली आकडे लिहून. निळ्या टिक आल्या.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी अकराला विशालच्या दुकानात गेलो. भीमा होता. त्याला सगळं सांगितलं, फोटो दाखवला. वाटलं होतं, निदान तासभर वाद घालेल. तो म्हणाला, बरोबर आहे सोपानराव, तुमचंच खरं. आणि हवा भरून निघून गेला. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी मोकळा झालो. मग कुठं जावं ते सुचेना.

२६ जानेवारी

माधवी परवा पुण्याला गेली. पंधरा डबे सुरू झालेत.

आज स्वप्नालीचा मेसेज. बाबा, मी आईला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. ती म्हणाली, सांग त्यांना, त्यांचं बरोबर होतं.

चार वेळा वाचला. बरोबर होतं, असंच लिहिलंय. लग्नाच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

हल्ली भात घरीच लावतो, अजून दोघांच्याच अंदाजानं लागतो. उरलेला संध्याकाळी खाल्ला.