नळाचा विनोद

कासेल, ११ फेब्रुवारी

प्रिय आपाजान,

सलाम. तू आणि दाजी समरकंदला सुखरूप असाल. मी ठीक आहे. इथल्या पावाला चव नाही, पण पोट भरतं.

निकाल लागला. पण आधी काय झालं ते ऐक.

शेजारच्या सफरच्या लग्नात मी जिल्हाप्रमुखांच्या नळावर विनोद केला आणि पुलाव वाढायच्या आत पोलिसांनी मला उचललं, हे तुला माहीतच आहे. इथल्या अधिकाऱ्यालाही मी तेच सांगितलं. त्याने आश्रय नाकारला. कारण लिहिलं, विनोद इतका मिळमिळीत आहे की त्यावरून कुणाला अटक होईल हे पटत नाही. आपा, नकार मी सोसला असता. पण मिळमिळीत? आयुष्यभर लोकांच्या लग्नांत पाहुणे हसवले मी!

वकीलबाई म्हणाल्या, अपील करू, पण कोर्टात गंमत करायची नाही. न्यायाधीशबाईंनी विचारलं, लग्नाला माणसं किती होती. मी म्हटलं, आमच्याकडे ते पुलाव संपल्यावर कळतं. वकीलबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मग न्यायाधीशबाईंनी नळाचा रंग विचारला. मागे त्या अधिकाऱ्याला मी पिवळा म्हणालो होतो, आता पितळी म्हणालो. बाईंनी दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी लिहिली.

शेवटी त्या म्हणाल्या, "लग्नात सांगितलात तसाच तो विनोद सांगा."

मी उभा राहिलो. साहेबांनी गावात नळाचं उद्घाटन केलं. फीत कापली, टाळ्या झाल्या. साहेब गेले, मागोमाग नळही गेला. पुढच्या गावात त्याचंच उद्घाटन होतं.

दुभाषी नुरुल्लो आपल्याच देशातला, कुलोब शहरचा. तो हसला नाही. भाषांतरही करेना. आधी वळून मागचे बाक पाहिले. तिथे एक म्हातारे गृहस्थ डुलक्या घेत होते. मग त्याने बाईंना हळूच विचारलं. तेवढं जर्मन मला आता कळतं.

"हे नोंदीत माझ्या नावाने जाईल का? माझे भाऊ अजून तिकडेच आहेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नाव जाणार नाही असं त्याला सांगितलं. नंतर त्याने पुटपुटत भाषांतर केलं. माझ्या सगळ्यांत चांगल्या विनोदाला एकही माणूस हसला नाही, आणि त्यावरच मी जिंकलो.

मला इथे राहता येईल. प्रवासाचा कागदही मिळेल. त्यावर कुठेही जाता येतं, एक देश सोडून.

आईने विचारलंय ना, नवरोजच्या सणाला सोरबोनसाठी भात टाकू का? तू तिच्याकडे जाशील तेव्हा शेजारी बसून सांग. मी फोनवर सांगितलं तर ती म्हणेल, हा चेष्टा करतोय.

तिचा आणि तुझा, यापुढे इथलाच,
सोरबोन